मुठीतली सिगारेट

जुन्या काळावरचा सिनेमा लागला की पहिल्या पाच-दहा मिनिटांत कुणीतरी सिगारेट पेटवतं. भिंतीवर कॅलेंडर, फळीवर रेडिओ, टेबलावर तांब्या आणि माणसाच्या हातात सिगारेट. एवढं झालं की काळ उभा राहिला असं समजतात. धूरही देखणा असतो. खिडकीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात तो सावकाश वळतो. बोलणारा माणूस दोन वाक्यांच्या मधे असा थांबतो, की त्याच्या मनात फार काही चाललंय असं वाटावं. खोकत मात्र कुणी नाही. अख्ख्या सिनेमात पन्नास सिगारेटी ओढून होतात आणि एकाच्याही छातीत घरघर होत नाही.

हे मी इतक्या बारकाईनं बघत आलो, कारण मी स्वतः ओढत होतो. आणि ते माझ्या बायकोला माहीत नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

तिनं विचारलं नाही असं नाही. एकदाच विचारलं होतं, तेही अगदी सुरुवातीला. सोनपेठजवळच्या तिच्या गावी मी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, आणि मोठ्या माणसांनी आम्हाला दोन मिनिटं ओसरीत बोलायला सोडलं. आत तिचे वडील खोकत होते. तो खोकला मी तोवर कधी ऐकला नव्हता. विहिरीत बादली आपटत आपटत वर यावी तसा तो यायचा. ती खाली बघत म्हणाली, "तुमी बीडी-सिगारेट ओढता का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग बाकी काही विचारायचं नाही मला." त्या वेळी माझ्या पँटच्या खिशात अर्धं पाकीट होतं. मी बसताना ते दाबलं जाऊ नये म्हणून एका अंगाला कलून बसलो होतो.

पुढे तीन वर्षांत तिचे वडील गेले. शेवटचे सहा महिने ते भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. ती माहेरी जाऊन राहिली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली, परत आली आणि मला म्हणाली, "तुमचं मला बरं हाय. त्या बाबतीत जिवाला घोर न्हाई." त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी शाळेतून येताना रोजच्यापेक्षा एक जास्त ओढली.

मी सेलूला हायस्कुलात शिकवतो. सवय डी.एड.च्या वसतिगृहात लागली, परभणीला. नंतर ती दिवसाला दोनवर आणून ठेवली. एक शाळा सुटल्यावर, रेल्वे रुळांच्या पल्याड, कापसाच्या जुन्या गोदामामागं. दुसरी सकाळी दूध आणायला जाताना. ओढून झाली की पेरूचं पान चावायचो. गोदामामागं पेरूचं झाड होतं, त्याच्या खालच्या फांद्या माझ्यामुळे कायम बोडक्या असायच्या. आणि कपड्यांना वास आलाच, तर त्यालाही माझ्यापाशी उत्तर होतं. आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना बीडी लागते. मी म्हणायचो, "काकांपाशी बसलो होतो."

एकदा बायकोनं काकांना अंगणातूनच सुनावलं. "काका, तुमी एक प्या, दोन प्या, पण आमच्या सरांच्या तोंडावर धूर सोडू नका. शर्ट बगा, निसता वास मारायलाय." काकांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या दोन दिवसांत मी त्यांच्या दारातही गेलो नव्हतो. ते म्हणाले, "बरं बाई, चुकलं. इथून पुढं तोंड तिकडं करून ओढीन." त्यानंतर आमच्या घरातून सणावाराला त्यांच्याकडे जाणारं ताट जरा पातळच झालं. मी ते बघत होतो आणि गुमान जेवत होतो. शाळेत दर वर्षी व्यसनमुक्तीची शपथ असते, ती मुलांना मीच देत होतो. माझा आवाज चांगला खणखणीत आहे म्हणून ते काम माझ्याकडे होतं.

तर गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात सिनेमावाले आले. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या कापूस बाजारातली गोष्ट होती. कापसातली सरकी काढायच्या, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात त्यांनी जुन्या पद्धतीचं चहाचं हॉटेल उभं केलं होतं: पत्रे, मातीची चूल, कपबशा, पाटीवर खडूनं लिहिलेले भाव. त्यांना जुनी लाकडी बाकं हवी होती. ती आमच्या शाळेत पडून होती. बाकं जशीच्या तशी परत आणायचा जिम्मा मुख्याध्यापकांनी माझ्यावर टाकला, म्हणून मी बाकांसोबत तिथं गेलो.

दिग्दर्शन करणारी मुलगी होती, पुण्याकडची, तिशीची असेल. कामाला वाघीण आणि बोलायला गोड. हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाइकांचा प्रसंग होता. गावातली सात-आठ माणसं तिनं धोतरं-पायजमे नेसवून बसवली होती, आणि प्रत्येकाच्या हातात सिगारेट. मी जरा वेळ बघितलं. मग न राहवून म्हणालो, "ताई, एवढ्या सगळ्यांच्या हातात सिगारेट नव्हती. बीडी होती. आणि कापसाजवळ तर कुणी पेटवतच नव्हतं. जिनिंगच्या फाटकातच बीड्या काढून ठेवायला लागायच्या."

ती म्हणाली, "असं होय? पण सर, तेव्हा सगळेच ओढायचे ना?"

"ओढायचे. पण असं सगळ्यांसमोर, छाती काढून नाही. निदान आमच्या इकडं तरी नाही."

तिनं ताबडतोब निम्म्यांच्या हातातल्या सिगारेटी काढून बीड्या दिल्या. ही तिची गोष्ट मला आवडली. पण माणसांची पंचाईत झाली. त्या बीड्या-सिगारेटींत तंबाखू नव्हता, कसला तरी पाला होता, आणि त्याचा धूर घशाला असा लागायचा, की एकजण खोकायला लागला की सगळं बाक खोकायचं. एकानं सिगारेट पेन्सिलीसारखी धरली होती. दुसऱ्यानं पेटलेलं टोक आपल्याच धोतरावर टेकवलं. "आता निसती ओढायची तर एवढी तालीम," असं म्हणत तो उठून गेला. त्याची जागा रिकामी झाली.

"सर, तुम्ही बसाल का?" ती मुलगी म्हणाली. "बोलायचं काही नाही. फक्त पेपर वाचायचा आणि हातात धरायची."

मी म्हणालो, "मी ओढत नाही." हे वाक्य माझ्या तोंडून 'नमस्कार' म्हणावं तसं यायचं.

"ओढूच नका. नुसती धरा."

मी टोपी घातली, बाकावर बसलो. सिनेमावाल्यांतल्या एका पोरीनं सिगारेट हातात दिली, बिनफिल्टरची. पुढचं मी केलं हे मला नंतर पडद्यावर बघितल्यावर कळलं. मी ती अंगठ्याच्या नखावर तीनदा ठोकली. ओठांवरून जीभ फिरवली, म्हणजे कागद चिकटत नाही. कुणीतरी पेटवून दिली तेव्हा मान जराशी तिरकी केली, म्हणजे धूर डोळ्यांत जात नाही. मग पेपर वर धरून मजकूर वाचू लागलो, आणि धूर आपला आपण नाकातून गेला.

तेवढ्यात प्रसंगाप्रमाणे एक म्हातारे नट हॉटेलात शिरले. ते गावातले वडीलधारे गुरुजी झाले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. ते दारात आले आणि माझा हात खाली गेला. बोटं आत वळली, सिगारेट मुठीत गेली, विस्तव तळहाताकडं, आणि मूठ मांडीआड. तोंडातला धूर मी गिळला. वर बघून नमस्कारही केला, डाव्या हातानं.

"कट," ती मुलगी म्हणाली आणि धावत माझ्याकडं आली. "सर, हे काय केलंत तुम्ही?"

मला वाटलं, चुकलं. मी म्हणालो, "मोठं माणूस आलं ना."

तिला ते इतकं आवडलं की तिनं म्हाताऱ्या नटांना बोलावून मला पुन्हा करून दाखवायला लावलं. मग मी तिला समजावलं. आमच्याकडं माणूस चाळिशीचा झाला, त्याला पोरंबाळं झाली, तरी वडीलधाऱ्यासमोर ओढायचा नाही. बाजारातून कुणी मोठं येताना दिसलं की रांगेतल्या सगळ्या मुठी बंद व्हायच्या. येणारालाही धूर दिसायचा, पण तो आभाळाकडं बघत जायचा. बघणारानं बघायचं नाही आणि लपवणारानं नीट लपवायचं, अशी ती अदब होती. सिनेमात सगळे धूर दाखवतात. खरं तर त्या काळात दिसायच्या त्या मुठी. ती मुलगी वहीत लिहून घेत होती. मला फार बरं वाटलं. पोरांना कविता शिकवताना कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं की सिनेमात बसलो, हातात खोटी सिगारेट होती, पाल्याची. ती भाजी निवडत होती. पोटाला हात लावून हसली. "तुमी? आन् सिगारेट? उलटी धरली असंल." तिच्या हसण्यात एवढा विश्वास होता की मी उठून बाकं मोजायला शाळेत गेलो.

वर्ष गेलं. सिनेमा थेटरात आमच्याकडं लागलाच नाही, टीव्हीवरच आला, फोन जोडून बघायचा तसला. एका रविवारी दुपारी आमच्या घरी गल्ली गोळा झाली. बायकोनं चिवडा केला होता. काकांनाही बोलावलं होतं, ते दारापाशी खुर्ची घेऊन बसले. माझा प्रसंग अर्ध्या तासानं आला. मी बाकावर बसलेलो, खाली पांढऱ्या अक्षरांत धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याची ओळ, नेमकी माझ्या गुडघ्यांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आरं बाबौ, सर तर लय मुरलेले दिसायलेत," एकजण म्हणाला.

"परत लावा, परत लावा."

परत लावलं. तीनदा लावलं. पहिल्यांदा बायको हसली. दुसऱ्यांदा ती पुढं सरकून बसली. तिसऱ्यांदा पडद्यावर माझी मूठ मिटली तेव्हा ती टीव्हीकडं बघतच नव्हती. माझ्या उजव्या हाताकडं बघत होती, मांडीवर होता तो. काका उठले आणि "डोळ्याला तान यायलाय" म्हणत घरी गेले.

सिनेमा संपला, लोक गेले. दिवस अजून पुरता मावळला नव्हता. ती स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसली, मी दारात उभा राहिलो. मागं न वळता ती म्हणाली, "धरायला त्यांनी शिकवलं असंल. नाकातून काढायलाबी शिकवलं असंल. लपवायला कुणी सांगितलं?"

उत्तर तयार होतं. दिग्दर्शिकेनं सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. त्या मुलीला कोण विचारायला जाणार होतं? माझं तोंड उघडलंही होतं. पण मला एकदम दारापाशी बसलेले काका दिसले. पंधरा वर्षं मी एका भल्या माणसाच्या अंगावर माझा वास टाकला होता. आता पुण्याच्या त्या पोरीच्या अंगावर टाकायला निघालो होतो, जिनं मला एवढ्या मानानं विचारलं होतं.

मी म्हणालो, "कुणी सांगितलं नाही. ती माझी सवय आहे."

तिचा हात थांबला. "कधीपासून?"

"डी.एड.ला होतो तेव्हापासून."

"मनजे मी ओसरीत विचारलं तेवा—"

"हो. तेव्हा खिशात पाकीट होतं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं ती उलटली, फुगवली, खाली घेतली. पुढची थापली. सगळ्या भाकरी होईपर्यंत मी दारातून हललो नाही. मग हात पुसत म्हणाली, "मी बाकी काहीच विचारलं नव्हतं तुमाला. तुमचा पगार न्हाई, शेत न्हाई. आत माजा बाप खोकत होता, ते ऐकत तुमी न्हाई मनलं."

"हो."

"आन् काका?"

"ते माझ्यासाठी गप्प बसले. मी कधी त्यांच्यापाशी एवढा बसतच नव्हतो."

मला वाटलं, रडेल, नाहीतर ताट आपटेल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ताटं वाढली, माझंही वाढलं, आणि आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसली. पंचवीस वर्षांत ती वेगळी जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताटलीत चिवडा आणि दोन लाडू घेऊन काकांकडं गेली. मी खिडकीतून ऐकत होतो. "काका, तुमाला नको ते बोलले मी. तुमी तरी सांगायचं." काका म्हणाले, "काय सांगायचं बाई. मोठं माणूस बगितलं की मूठ झाकतेत, तसं मी डोळे झाकले." मग थोडं थांबून, "लाडू घरचे हायेत ना?" त्यावर ती हसली. ते हसणं माझ्या वाट्याला यायला अजून महिना जायचा होता.

त्या महिन्यात आम्ही कामापुरतं बोललो. पेरूचं पान चावायची गरज उरली नाही, कारण मी सोडली. सोडली म्हणजे काय, पहिले चार दिवस शाळेत मुलांवर विनाकारण ओरडलो, रात्री हाताला काय करावं ते कळेना. व्यसनमुक्तीच्या शपथेचा दिवस आला तेव्हा मुख्याध्यापकांना म्हणालो, या वर्षी दुसऱ्या कुणाला सांगा. ते म्हणाले, "कामून?" मी म्हणालो, "मी ओढतो. सोडायलोय, पण अजून पक्कं नाही." त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, कुणी ऐकतंय का. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "सर, असं सांगायचं असतं व्हय?" मला वाटतं त्यांच्याही ड्रॉवरमध्ये काहीतरी होतं. पण ते त्यांचं.

बायकोनं तो सिनेमा नंतर एकटीनं पूर्ण बघितला. दुपारी मी शाळेतून आलो तर टीव्ही चालू. मला बघून तिनं बंद केला नाही. म्हणाली, "समदं बरोबर दाखवलंय. चूल बरोबर, कपबशा बरोबर. निसता खोकला न्हाई कुणाला. आमच्या बाचा खोकला वेशीपासून ऐकू यायचा, आई तो ऐकून चहा ठेवायची." बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी एवढं सलग बोलली. मी चप्पल न काढता तिथंच खाली बसलो आणि आम्ही दोघांनी शेवट बघितला.

नंतर पावसाळा लागायच्या आधी एकदा नेम मोडला. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. दहावीचा निकाल बरा लागला होता, स्टेशनापाशी जुना वसतिगृहातला मित्र भेटला, त्यानं पुढं केली आणि मी घेतली. जाताना उरलेलं पाकीट आणि काडेपेटी त्यानं माझ्या खिशात कोंबली. पाकीट मी रुळांपाशी टाकलं. काडेपेटी खिशात राहिली. घराच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मनात तीन कारणं तयार झाली, सवयीनं, एकाहून एक चांगली. दार उघडलं तर ती देवापाशी बसली होती.

मी म्हणालो, "आज एक ओढली."

तिनं मागं वळून पाहिलं. "कुठं?"

"स्टेशनापाशी. मित्र भेटला होता."

"एकच?"

"एकच."

ती माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. कपडे हुंगायची गरज तिला वाटली नाही. ते मला तेव्हाच जाणवलं. मग तिनं हात पुढं केला.

"काडेपेटी हाय का तुमच्याकडं? इथली संपलीय."

मी दिली. तिनं काडी ओढली, दिवा लावला, पेटी देवाच्या फळीवर ठेवून दिली आणि म्हणाली, "पाय धुवून या. चहा ठेवते."